मातीआडचा संसार

पॅसेंजर पिजन या अमेरिकन कबुतराची शेवटची मादी मार्था. ती १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. इतिहासाने ही तारीख जपून ठेवली. त्याच देशातला, मेलेले पक्षी मातीत गाडणारा एक भुंगेरा विसाव्या शतकात असाच नाहीसा होत गेला. त्याची तारीख कोणी लिहिली नाही. आज थोडे त्याच्याविषयी.

त्याचे शास्त्रीय नाव निक्रोफोरस अमेरिकॅनस. फ्रेंच कीटकतज्ज्ञ ओलिव्हिए यांनी १७९० साली त्याचे वर्णन केले. लांबी इंच-दीड इंच, काळ्या चकचकीत पाठीवर चार नारिंगी ठिपके. असे ठिपके त्याच्या भाऊबंदांनाही असतात. पण डोक्यामागच्या ढालीवर मोठा तांबूस-नारिंगी डाग दिसला, की उत्तर अमेरिकेत तो हाच समजावा.

उंदीर वा पाखरू मेले, की वासावर नर-मादी येतात. खालची माती उकरून मढे आत उतरवतात, केस-पिसे काढून त्याचा गोळा करतात आणि लवकर कुजू नये म्हणून अंगातले स्राव चोपडतात. अळ्या झाल्या, की आई आणि बाप दोघेही त्यांना तोंडातून अन्न भरवतात. कीटकांत बाप असा थांबणे विरळाच! याच कुळातल्या युरोपीय भुंगेऱ्यांचा हा संसार एर्ना पुकोव्स्की या जर्मन विदुषीने १९३३ साली बारकाईने नोंदवला.

आपला हा भुंगेरा मोठा, म्हणून त्याला मढेही शे-दोनशे ग्रॅमचे लागते. तिथेच घात झाला असावा. कबुतरे संपली, गवताळ रानातली पाखरे घटली, जंगलांचे तुकडे झाले आणि उरलेल्या मढ्यांवर रकून, स्कंक यांसारखे प्राणी टपून बसले, असा अभ्यासकांचा तर्क आहे. एके काळी ३५ राज्यांत आढळणारा हा कीटक १९८९ साली सरकारी संकटग्रस्त यादीत गेला. १९९४ पासून नँटुकेट बेटावर पाळलेल्या जोड्या सोडल्या, तेव्हा प्रत्येक जोडीला एकेक मेलेला लावा पक्षीही द्यावा लागला. २०२० साली सरकारने त्याचा दर्जा थोडा सौम्य केला. धोका मात्र टळला नव्हता.

मार्था गेली तेव्हा एक पक्षी संपला, एवढेच आपण मोजले. त्या पक्ष्याच्या मरणावर कोणाकोणाची घरे चालत होती, हे मोजायचे राहूनच गेले.