गहाळ अवलंबन
सोर्स कोडवरून सॉफ्टवेअर बांधताना आवश्यक लायब्ररी, हेडर फाइल किंवा साधन न सापडल्याने येणारा अडथळा. हेडर नसल्यास कंपायलर थांबतो, लायब्ररी नसल्यास लिंकर. डेबियन व उबुंटूत हेडर वेगळ्या ‘-डेव्ह’ पॅकेजात असतात. म्हणून झेडलिब ही लायब्ररी बसवलेली असूनही ते पॅकेज नसल्यास तिची हेडर फाइल ‘झेडलिब.एच’ सापडत नाही. पहिली त्रुटी आधी वाचावी. पुढच्या बहुधा तिच्यातूनच उद्भवतात. बांधलेला प्रोग्राम सुरू होत नसल्यास ‘एलडीडी’ ही आज्ञा न सापडलेल्या लायब्ररीचे नाव दाखवते.

पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’ (२०१९) यासारख्या सामायिक महासंगणकावर सामान्य वापरकर्त्याला प्रशासकीय अधिकार नसतात, त्यामुळे गहाळ पॅकेज थेट बसवता येत नाही. अशा ठिकाणी उपलब्ध मॉड्यूल (आधीच बसवलेले, हवे तेव्हा लोड करता येणारे सॉफ्टवेअर) तपासून योग्य ते लोड करावे. नसल्यास लायब्ररी स्वतःच्या होम डिरेक्टरीत बांधून तिचा मार्ग कंपायलर व लिंकरला कळवावा.