एका जंतूचीं दोन नांवें

रेशमाचा किडा माणसानें हजारों वर्षांपूर्वीं घरांत आणला. त्याच्या पाठोपाठ त्याचे रोगही घरांत आले. रानांत विखुरलेले सुरवंट परडींत दाटीनें वाढूं लागले, कीं एकाचा रोग सर्वांचा होतो. १८६५ सालीं लुई पाश्चर हा दक्षिण फ्रान्समधील आलेस गांवीं गेला, तेव्हां पेब्रीन रोगानें तेथील रेशमाचा धंदा बुडत चालला होता. त्यानें पुढें सुचविलेला उपाय साधा होता. मादीनें अंडीं घातल्यावर तिला वाटून सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावें, आणि रोगाचे कण दिसल्यास तीं अंडीं नष्ट करावीं.

१९०१ सालीं जपानांत इशिवाता शिगेताने यास निराळाच रोग दिसला. धडधाकट किडे एकाएकीं कोसळत. या रोगास ‘सोत्तो’ म्हणत. त्याचें कारण एक दंडाकृति जंतु होता. १९११ सालीं जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत एर्न्स्ट बर्लिनर यास पिठांतील पतंगाच्या अळ्यांत त्याच जातीचा जंतु सांपडला, व १९१५ सालीं त्यानें त्यास त्या प्रांताचें नांव दिलें. रेशीमवाल्याचा वैरी तो पीठवाल्याचा कैवारी ठरला! १९३८ सालीं फ्रान्समध्यें त्याचें कीटकनाशक विक्रीस आलें. २००२ सालीं भारतांत मान्यता मिळालेल्या बीटी कापसाच्या नांवांतील ‘बीटी’ तोच.

या जंतूच्या देहांत प्रथिनाचा स्फटिक असतो. सुरवंटाच्या क्षारयुक्त आंतड्यांत तो विरघळतो आणि आंतड्याच्या पेशी फोडतो. माणसाच्या पोटांत तसें घडत नाहीं. म्हणून हें औषध सौम्य मानलें गेलें, आणि माणसापुरतें तें खरेंही आहे. परंतु पिकावरची अळी कोणती व फुलपांखराची कोणती, हा भेद त्या स्फटिकास कळत नाहीं.

१९९९ सालीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत जॉन लोझी व त्याचे सहकारी यांनीं बीटी मक्याचे पराग रुईच्या जातीच्या पानांवर शिंपडून तीं पानें मोनार्क फुलपांखरांच्या सुरवंटांस घातलीं. चार दिवसांत ४४ टक्के सुरवंट मेले. साध्या परागांवरचा एकही मेला नाहीं. मोठा गदारोळ उठला. २००१ सालीं प्रत्यक्ष शेतांत केलेल्या मोजणींत मात्र धोका नगण्य ठरला. कारण बहुतेक वाणांच्या परागांत विष थोडें, आणि पानांवर पराग पडतात तेही थोडेच. एकाच वाणाचे पराग घातक निघाले, व तो वाण बाजारांतून गेला.

घरीं फुलपांखरें पाळणाऱ्यांस मात्र दोन्ही संकटें राहिलीं. फवारलेलें एक पान पेटींतील साऱ्या सुरवंटांचा घात करूं शकतें. आणि दाटींत वाढलेल्या मोनार्कांत एक सूक्ष्म परजीवी पसरतो. रोगी मादीच्या अंगावरील त्याचे बीजाणू अंड्यांवर व पानांवर पडतात, सुरवंट ते गिळतो, आणि पुष्कळदां कोषांतून चुरगळलेल्या पंखांचें फुलपांखरूं निघतें. यावर उपाय पाश्चरच्याच धर्तीचा: मादीच्या पोटावरील खवले सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावे, रोगी मादीची वीण थांबवावी, पेट्या स्वच्छ व विरळ ठेवाव्या. पान मात्र कोठून आलें, हें तोडण्यापूर्वींच विचारलें पाहिजे. सुरवंटास तें विचारतां येत नाहीं.