घड्याळ कशाला पाहिजे?

मागच्या रविवारी सकाळी साताऱ्याहून बाबांचा फोन. "अरे, ते शुगर दाखवणारं घड्याळ येतं ना, दोन हजारात मिळतंय म्हणे. मागवून दे. रोज बोट टोचून वैताग आलाय."

बाबांना मधुमेह होऊन बारा वर्षं झाली, आता इन्सुलिन चालू आहे. म्हणजे घड्याळाने आकडा चुकीचा सांगितला तर ती गंमत राहत नाही. "बघतो" म्हणालो आणि बघायला बसलो. पण अस्मादिक पडले सॉफ्टवेअरवाले! कुठलं घड्याळ घ्यावं हे बघायचं सोडून आत्तापर्यंत लोकांनी कुठली घेतली आणि त्यांचं पुढे काय झालं, हेच उकरत बसलो. रविवार गेला. निवड मात्र सोपी झाली, ती कशी ते सांगतो.

सुरुवात करू १९७२ पासून. अमेरिकेत हॅमिल्टन कंपनीने पल्सर नावाचं डिजिटल घड्याळ विकायला काढलं. सोन्याचं, लाल आकड्यांचं, किंमत २१०० डॉलर. एक छोटीशी अडचण होती. एलईडीचे आकडे सतत पेटते ठेवले तर बॅटरी टिकेना, म्हणून वेळ बघायला बटण दाबावं लागायचं. म्हणजे एका मनगटावरची वेळ बघायला दुसरा हात रिकामा पाहिजे. दोन्ही हातात भाजीच्या पिशव्या असतील तर संपलंच! १९७६ मधे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने अगदी स्वस्तात डिजिटल घड्याळ आणलं, आणि थोड्याच वर्षांत एलसीडीने एलईडीवाल्या सगळ्यांनाच घरी बसवलं. २१०० डॉलरवाल्यांचं काय झालं असेल, कल्पना करा.

२००० साली आयबीएमने मनगटावर लिनक्स चालवून दाखवलं. आमच्या जमातीला केवढा आनंद! पण घड्याळात लिनक्स कशाला, असं त्या खोलीत कुणी विचारलं असेल तर त्याला चहा आणायला पाठवलं असणार :) बाजारात ते कधी आलंच नाही.

मायक्रोसॉफ्टचं प्रकरण जास्त शिकण्यासारखं आहे. २००४ च्या सुरुवातीला त्यांची 'स्पॉट' घड्याळं विक्रीला आली. फॉसिल, सुंटो असे नावाजलेले घड्याळवाले बरोबर होते. बातम्या, हवामान, शेअरचे भाव एफएम रेडिओच्या लहरींवरून घड्याळात यायचे. कल्पना खरंच हुशारीची होती, कारण शहरांवर एफएमचं जाळं आधीच होतं. पण एकतर हे एकेरी प्रकरण, येणारं वाचायचं, उलट काही पाठवता येत नाही. त्यात वर्षाची वर्गणी. आणि तेवढ्यात खिशातल्या फोनवर इंटरनेट आलं. २००८ मधे घड्याळं बनायची थांबली आणि २०१२ उजाडताना सेवाही बंद. घड्याळ ठणठणीत, पण हवेतून यायचं तेच थांबलं.

मग पेबल. यावर माझा जीव आहे, त्यामुळे थोडं सहन करा. एप्रिल २०१२ मधे एरिक मिगिकोव्हस्कीने किकस्टार्टरवर एक लाख डॉलर मागितले. ६८,९२९ लोकांनी मिळून एक कोटीच्या वर दिले! पेबलचा पडदा ई-पेपरचा, उन्हात स्वच्छ दिसणारा, आणि बॅटरी जवळपास आठवडाभर. फोनवर काय आलं ते मनगटावर दाखवायचं, एवढंच मुख्य काम. तरीही डिसेंबर २०१६ मधे कंपनीचा गाशा गुंडाळला गेला, फिटबिटने माल विकत घेतला, आणि जून २०१८ अखेर सर्व्हर बंद झाले. तेव्हा 'रेबल' नावाने काही प्रोग्रामर मंडळींनी स्वतःचे सर्व्हर उभे करून त्या घड्याळांना जगवलं. जानेवारी २०२५ मधे गूगलने पेबलच्या प्रणालीचा बराचसा कोड खुला केला. पण प्रत्येक घड्याळाच्या नशिबी असे वेडे भक्त नसतात.

नाहीतर ॲपलचं घ्या. २०१५ च्या पहिल्या ॲपल वॉचची सोन्याची आवृत्ती १०,००० डॉलरपासून सुरू व्हायची. २०१८ मधे वॉचओएस ५ आलं, ते त्या पहिल्या पिढीला मिळालंच नाही. सोनं तसंच, घड्याळ म्हातारं.

आणि बाबांच्या हातात काय आहे? पहिल्या पगारातून घेतलेलं एचएमटी जनता. एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायला केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मधे मंजुरी दिली. बाबांच्या घड्याळाला हे अजून कुणी कळवलेलं नाही. रोज सकाळी चावी दिली की चालतं.

असो. मुद्दा शुगरचा. घड्याळाच्या पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकतो, तो कातडीवर उजेड टाकतो आणि रक्ताच्या दर ठोक्याला परत येणारा उजेड कमीजास्त होतो. त्यावरून नाडी मोजता येते, बऱ्यापैकी नीट. साखर त्यातून अजून कुणालाही भरवशाने मोजता आलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मधे अमेरिकेच्या एफडीएने जाहीर इशाराच दिला की, कातडीला न टोचता स्वतःहून शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, आणि चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं. काही घड्याळांवर शुगर खरोखर दिसते, पण ती दंडावर लावलेल्या वेगळ्या सेन्सरकडून आलेली असते. त्याची बारीक तार कातडीखाली असते. घड्याळ तिथे नुसता फळा.

त्यामुळे आता माझे प्रश्न बदललेत. याचं एक काम कुठलं? आकडा नेमका मोजतंय कोण? आणि उद्या कंपनीने सर्व्हर बंद केला तर हातात काय उरेल?

बाबांचं एक काम म्हणजे संध्याकाळचं फिरणं आणि नाडी. मोठ्या आकड्यांचा, आठवडाभर चार्ज टिकणारा साधा बॅन्ड निवडला. शुगरचं नाव नसलेला. संध्याकाळी फोन केला.

"म्हणजे बोट टोचायचंच?"

"टोचायचंच, बाबा. सेन्सरचं मात्र पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारू."

"बरं. मग तो पट्टा उजव्या हाताला घालीन. डाव्या हातात घड्याळ आहे माझ्या." थोडं थांबून म्हणाले, "आणि मागवतोच आहेस तर ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पण मागव. चारच उरल्यात."