दलाली कोणाची आणि दलाल कोणाचा?

पुण्यामुंबईकडे घराचा सौदा ठरला म्हणजे दलाल बहुधा विकणाऱ्याकडूनही दलाली घेतो आणि घेणाऱ्याकडूनही. त्याचें मन कोणाकडे आहे, असें त्यास कोणी विचारीत नाहीं. तें सौदा पुरा होण्याकडे आहे, हें दोघेही ओळखून असतात. अमेरिकेंत या धंद्याची घडण निराळी झाली. तेथें विकणाऱ्याचा एक दलाल आणि घेणाऱ्यास घरें दाखवीत हिंडणारा दुसरा, असे दोन दलाल असतात. आणि दोघांची मिळून किंमतीच्या शेंकडा ५ ते ६ इतकी दलाली विकणाराच देतो, असा तेथें कित्येक पिढ्यांचा परिपाठ होता. ४ लाख डॉलरांच्या घरावर शेंकडा ६ म्हणजे २४ हजार डॉलर. घेणाऱ्यास वाटे, आपणांस वाटाड्या फुकट मिळाला. या फुकट वाटाड्याची हकीकत सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील दलाल आपापल्या संघांच्या कचेऱ्यांत जमत व विक्रीस आलेल्या घरांची माहिती एकमेकांस देत. ज्यानें गिऱ्हाईक आणलें त्यास दलालींत वांटा द्यावयाचा, असा ठराव असे. १९०८ सालीं शिकागो येथें या संघांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, आणि पुढें घरांची सामायिक यादी हा त्या धंद्याचा कणाच होऊन बसला. व्यवस्था सोयीची होती, यांत शंका नाहीं. दोष होता तो कायद्याच्या एका कल्पनेंत. गिऱ्हाईक आणणारा दलाल हाही विकणाऱ्याचाच उपमुखत्यार, असें कायदा मानी.

याचा अर्थ काय होतो तें पाहा. एखादें तरुण जोडपें रविवारभर या गृहस्थाच्या मोटारींतून हिंडे, मुलांच्या शाळेपासून कर्जाच्या हप्त्यापर्यंत सर्व कांहीं त्याच्यापाशीं बोले, आणि अखेर विश्वासानें सांगे, "आम्ही तीन लाख सांगणार आहों, पण घर हातचें जात असेल तर आणखी वीस हजारांपर्यंत जाऊं." ही गोष्ट विकणाऱ्याच्या कानावर घालणें हें त्या दलालाचें कायदेशीर कर्तव्य होतें! कित्येकांनीं माणुसकीनें तें पाळलें नसेल. पण मग ते आपल्या धन्याशीं बेइमान ठरत. मध्यवर्ती सरकारच्या व्यापार आयोगाचा अहवाल १९८३ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ७०हून अधिक लोक त्या दलालास आपलाच माणूस समजत होते, असें दिसून आलें. इतक्या पसरलेल्या गैरसमजास नुसता भोळेपणा म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

दलालीच्या दराविषयीं सर्वोच्च न्यायालयानें १९५० सालींच निकाल दिला होता. वॉशिंग्टन येथील दलालसंघानें ठराविक दर सभासदांवर लादणें हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग होय, असें त्यानें ठरविलें. दर मोकळे झाले, संवय मात्र राहिली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत उपमुखत्यारीची कल्पना मागें पडून 'घेणाऱ्याचा दलाल' उघडपणें पुढें आला. पण त्याचा मोबदला विकणाऱ्याचा दलालच सामायिक यादींत अगोदर लिहून ठेवी. वकील आमचा, आणि त्याची फी ठरविणार प्रतिपक्षाचा वकील! ज्या घरावर वांटा कमी तें दाखविण्याची उत्सुकताही कमी, अशी तक्रार होऊं लागली ती यामुळेंच.

२०१९ सालीं प्रकरण न्यायालयांत गेलें. फसगत घेणाऱ्यांची, फिर्याद मात्र विकणाऱ्यांची, हा त्यांतला गमतीचा भाग. दुसऱ्याच्या दलालाचें ओझें आम्हीं कां वाहावें, असें त्यांचें म्हणणें होतें. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं मिसूरी संस्थानांतील कॅन्सस सिटी येथील ज्यूरीनें सुमारें १७८ कोटी डॉलरांची भरपाई ठरविली. राष्ट्रीय संस्थेनें दोष कबूल न करितां मार्च २०२४ मध्यें ४१ कोटी ८० लाख डॉलरांवर तडजोड केली.

मग आजवर दलाली खरोखर कोण देत होता? सौद्यांत पैसा आणणारा एकटा घेणाराच. त्याच्याच पैशांतून विकणारा दोन्ही दलालांस वांटून देई. आपल्याकडे जुलै २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला यांवरील अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घेण्याचें ठरवितांच व्यापाऱ्यांनीं बाजार बंद ठेविले होते. अडत कोणाच्याही नांवावर घातली तरी भाव ठरतांना ती त्यांत मुरते, असें अर्थशास्त्र म्हणतें. तें खरें, पण ती कोणत्या वेळीं हातांतून जाते, हेंही कांहीं लहान नव्हे. किंमतींत मुरलेली दलाली कर्जांत जाते व तीस वर्षें हळूहळू फिटते. वेगळी मागितलेली दलाली त्याच दिवशीं रोख मोजावी लागते. पहिलें घर घेणाऱ्यापाशीं रोख तेवढी नसते. माजी सैनिकांना सरकारी हमीच्या कर्जावर घर घेतांना स्वतःच्या दलालास पैसे देण्याची मनाईच होती. ती त्यांच्या हितासाठीं केलेली. पण नव्या रीतींत तीच त्यांच्या आड आली असती, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्यें ती तात्पुरती उठवावी लागली.

१७ ऑगस्ट २०२४ पासून सामायिक यादींत मोबदल्याचा आंकडा घालण्यास बंदी झाली, आणि दलालाबरोबर पहिलें घर पाहण्यापूर्वींच घेणाऱ्यानें त्याच्याशीं लेखी करार करून दलालीचा आंकडा ठरवावा, असा नियम आला. विकणाऱ्यानें ती द्यावी अशी मागणी सौद्याच्या वेळीं करण्यास मात्र घेणारा अजूनही मोकळा आहे.