एन्फिल्ड, छर्रे आणि न सुटलेला बग

गेल्या शनिवारी कोल्हापूरला घरी गेलो होतो. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीतला मित्र नवी एअर रायफल घेऊन वैतागून बसला होता. "भावा, नेम धरतोय एकीकडं, जातंय दुसरीकडं!" इंजिनिअरचा सल्ला तयारच असतो : एका वेळी एकच गोष्ट बदल. स्क्रू आवळले, फरक नाही. साईट तपासली, ठीक होती. मग ४.४९ मिलिमीटरऐवजी ४.५० चे छर्रे घातले आणि सगळी भोकं एका रुपयाएवढ्या जागेत आली!

पुण्याला परतताना बसमध्ये डोक्यात १८५७ घोळत होतं. तेव्हाही भानगड नव्या रायफलीचीच होती.

जुन्या ब्राऊन बेसची नळी आतून गुळगुळीत, गोळी सैल. शंभर यार्डांपुढं नेम म्हणजे नशीब. १८५३ च्या एन्फिल्डच्या नळीत तीन पिळाच्या खाचा होत्या, त्यामुळं गोळीला फिरकी मिळायची आणि नेम कितीतरी लांब जायचा. पण भरायची तोंडाकडूनच. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८. बार उडाला की गोळीचा पोकळ बूड फुगून खाचांत घट्ट बसायचा. काही बार झाले की दारूची काजळी साचे आणि पुढची गोळी आत जाईना. उपाय एकच, काडतुसाला वंगण. आणि ते काडतूस फोडायचं दातानं!

जानेवारी १८५७ मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली की वंगण गाय-डुकराच्या चरबीचं आहे. कंपनीनं घाईघाईनं पॅच टाकले : वंगण तुमचं तुम्ही लावा, काडतूस हातानं फाडा. तांत्रिकदृष्ट्या बरोबर! पण शिपायांनी विचार केला, काही नव्हतंच तर बदललं कशाला? मग काडतुसाच्या चकचकीत कागदाचाही संशय येऊ लागला. २९ मार्चला बराकपूर, १० मेला मेरठ.

आणि ३१ जुलैला कोल्हापूर. इथं २७ वी मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्री उठली. सगळं खापर काडतुसावर फोडणं मात्र चूक. १८४४ मध्येच गडकऱ्यांचं बंड झालं होतं, इथली खदखद जुनी होती. पुढं छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांना कराचीला नेऊन ठेवलं. ते परत आलेच नाहीत. शाळेत असताना त्यांच्या नावाच्या चौकातून शेकडो वेळा गेलो असेन, पण हे चिमासाहेब कोण, असा प्रश्न कधी पडला नाही.

गंमत म्हणजे काजळीचा प्रश्न नंतर सुटला. गोळीचा व्यास ०.५५ इंच केला, ती सहज आत जाऊ लागली. बंदूक दुरुस्त झाली. बिघडलेला विश्वास दुरुस्त करायला मात्र कुठला पॅच नव्हता, कारण चरबीचं पहिल्याच दिवशी सरळ सांगायला हवं होतं.

आम्ही ऑफिसात वेगळं काय करतो? गुपचूप बग फिक्स करतो, युजरला कळवत नाही, आणि वर त्यालाच शंकेखोर म्हणतो. सोमवारी गेल्या गेल्या आधी एक मेल लिहिणार आहे : काय चुकलं होतं आणि काय बदललं. असो. मित्राचा मेसेज आलाय, "छर्रे संपले, तेच ४.५० घेऊन ये."