सोन्याची तार आखडते तेव्हा

नांदगाव खंडेश्वरसारख्या गावी सोनाराला तार ओढताना विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. पोलादी पट्टीतल्या एकाहून एक लहान भोकांतून तो ती ओढत जातो. तार बारीक होते, लांबते. सोने मात्र तेच राहते. पण ती अशीच बारीक करीत गेलो, तर शेवटपर्यंत तेच राहील का? याचे उत्तर मिळायला सव्वाशे वर्षे लागली.

पाण्याचा पृष्ठताण आपण शिकवतोच. घन पदार्थालाही पृष्ठभाग असतो. सोन्याच्या आतल्या अणूला 12 शेजारी असतात, पृष्ठभागावरच्या अणूला त्याहून कमी. म्हणून तिथले अणू एकमेकांच्या अधिक जवळ येऊ पाहतात. पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा वागतो. 1876 ते 1878 या काळात प्रसिद्ध झालेल्या लेखनात अमेरिकेच्या गिब्ज यांनी एक महत्त्वाचा भेद दाखवला. नवा पृष्ठभाग तयार करायला लागणारे कार्य वेगळे आणि असलेला पृष्ठभाग ताणायला लागणारे वेगळे. द्रवात दोन्ही सारखी, घनात नाहीत. यातल्या दुसऱ्याला पृष्ठ-प्रतिबल म्हणतात. 1950 साली शटलवर्थ यांनी या दोहोंना जोडणारे समीकरण मांडले.

मग सोनाराच्या तारेत हे का जाणवत नाही? चौरस छेदाची तार घेऊ. बाजू निम्मी केली की परिमिती निम्मी होते, पण क्षेत्रफळ पाव उरते. ओढणारा पृष्ठभाग परिमितीच्या प्रमाणात, ते सोसणारे सोने क्षेत्रफळाच्या प्रमाणात. म्हणून आतला दाब दुप्पट होतो. 1 मिलिमीटरची तार 2 नॅनोमीटरवर आली, तर तो 5 लाख पट होईल!

2003 साली डियाओ, गॉल आणि डन यांनी संगणकावर अणूंचे गणित करून पाहिले. छेद 4 चौरस नॅनोमीटरहून लहान आणि स्फटिकाची दिशा विशिष्ट असेल, तर केवळ पृष्ठ-प्रतिबलाने तार लांबीत आखडते. घनाच्या प्रत्येक फलकाच्या मध्यावर अणू असलेली मांडणी जाऊन गाभ्यात अणू असलेली निराळी मांडणी येते. सोने आतूनच बदलते.

लहान कणांवर पृष्ठभागाची सत्ता कशी चालते, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही दिसले. तिथे 2004 साली मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी, चपटे कण मिळवले. तिथे मात्र आकार ठरवण्यात पृष्ठभागाला चिकटलेल्या रेणूंचा वाटा होता.

वर्गात एवढे जरूर करावे. स्पंजचे सारख्या लांबीचे दोन चौरस तुकडे कापा. एकाची जाडी दुसऱ्याच्या दुप्पट ठेवा. जाडावर लांबीच्या दिशेने दोन रबरबँड चढवा, बारकावर एक. कोणता अधिक आखडेल, हे विद्यार्थ्यांना आधी विचारा. मगच रबरबँड सोडा.