बोटांची घाई

शिलाँगला बदली होऊन आलो त्या वर्षी पहिल्या पावसातच एक गोष्ट ध्यानात आली. ह्या गावात दिवेलागणीची वेळ झाली की कुठल्या ना कुठल्या घरातून गिटारीचे सूर ऐकू येतात. आमच्या घरमालकांचा धाकटा मुलगा मात्र विजेची गिटार ध्वनिवर्धकाला न जोडताच घेऊन बसे आणि तासभर एकच एक वाजवीत राही. पहिल्या पडद्यावर तर्जनी, दुसऱ्यावर मध्यमा, तिसऱ्यावर अनामिका, चौथ्यावर करंगळी. मग पुढची तार आणि पुन्हा तेच. त्यात ना गाणे, ना धून. कचेरीतून थकून आलेल्या माणसाला ती टकटक गळक्या नळासारखी वाटे. पुढे संध्याकाळच्या एकटेपणाला कंटाळून मीच त्याच्याजवळ शिकू लागलो आणि पहिल्या दिवशी त्याने मला तीच टकटक दिली. तेव्हा कुतूहल वाटू लागले : बोटांना चपळ करण्याची ही कोरडी कवायत आली तरी कोठून? शोध घेता तिचा माग दोनशे वर्षे मागे गेला.

सहा एकेरी तारांची गिटार युरोपात रूढ झाली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. तिचे जे पहिले मोठे वादक झाले, त्यांत इटलीचा माउरो जुलियानी हा एक. तो १८०६ साली व्हिएन्नात आला आणि १८१२ साली त्याने गिटारीच्या अभ्यासाचा आपला ग्रंथ तेथे प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या भागात उजव्या हाताचे १२० पाठ आहेत. मौज अशी की, ह्या सगळ्या पाठांत डाव्या हाताला स्वरमेळ दोनच. डावा हात जवळजवळ जागेवर बसवून ठेवायचा आणि उजव्या हाताची बोटे १२० तऱ्हांनी तारांवर फिरवायची. शिकणाऱ्याची अडचण जुलियानीने नेमकी ओळखली होती. त्याचे लक्ष दोन हातांत विभागले जाते, म्हणून एका हाताचे काम काढून घ्यावे आणि दुसऱ्याला शिकवावे. आपल्याकडील पलट्यांचा हा दूरचा नातलगच म्हणावा लागेल. फरक इतकाच की, ठाय, दुगुन, चौगुन करीत गेलेला पलटा रागाचे स्वर सोडीत नाही. जुलियानीच्या पाठांत मात्र राग नाही, आहे ती केवळ बोटांची चाल.

ह्यानंतरचा अध्याय पॅरिसमध्ये घडला. बार्सिलोनाचा फर्नांदो सोर आणि माद्रिदचा दिओनीसियो आग्वादो हे दोघे स्पॅनिश वादक तेथे एकमेकांचे स्नेही होते. सोर बोटांच्या मांसल टोकांनी तार छेडी, तर आग्वादो नखांनी. १८३० साली निघालेल्या आपल्या ग्रंथात सोरने अतिद्रुत स्वरपंक्तींचा आग्रह धरलेला नाही. ज्यांना ती विद्या हवी त्यांनी आग्वादोचा ग्रंथ पाहावा, असे तो मोकळ्या मनाने सुचवितो. मतभेद असूनही सोरने दोघांनी मिळून वाजविण्यासाठी ‘दोन मित्र’ ह्या अर्थाच्या नावाची रचना केली, हे विशेष. आग्वादोने पुढे गिटार ठेवण्यासाठी एक तिपाई तयार केली. वाद्य सावरण्याचे ओझे हातांवर राहू नये, हा तिचा एक हेतू. बोटांना वेग द्यायचा तर त्यांना शक्ती पुरविण्यापेक्षा नको असलेले काम त्यांच्याकडून काढून घ्यावे, ह्या विचाराकडे आग्वादो आपल्या वाटेने पोचला होता.

परंतु ते शतक यंत्रांचे होते. १८१४ साली लोगिए ह्या गृहस्थाने पियानोवर हात ठराविक जागी धरून ठेवणारी एक चौकट काढली. १८१५ साली मेल्झेलने मेट्रोनोमचे, म्हणजे लय मोजणाऱ्या लंबकयंत्राचे, एकस्व घेतले. लय आता आकड्यांत मोजता येऊ लागली आणि जे मोजता येते ते वाढविण्याचा मोह माणसाला आवरत नाही. त्या मोहाची किंमत रॉबर्ट शूमान ह्याने मोजली असे सांगतात. तरुणपणी पियानोवादक होऊ पाहणाऱ्या शूमानने बोट बळकट करण्यासाठी एक यांत्रिक साधन वापरले होते. १८३०च्या दशकाच्या आरंभीच त्याचा उजवा हात अधू झाला आणि वादनाची कारकीर्द संपली. हात का बिघडला ह्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण त्यानंतर तो सर्वस्वी संगीतरचनेकडे वळला, ह्यात शंका नाही.

आमच्या घरमालकांच्या मुलाच्या गिटारीचा जन्म मात्र विसाव्या शतकातला. वाद्यवृंदात पितळी वाद्यांपुढे गिटारीचा आवाज बुडे, म्हणून तिच्याकडे ठेका धरण्याचेच काम असे. १९३६ साली गिब्सन कंपनीची विजेची गिटार बाजारात आली आणि १९३९ साली चार्ली ख्रिश्चन हा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण ती घेऊन बेनी गुडमनच्या वृंदात दाखल झाला. सॅक्सोफोनप्रमाणे एकेका स्वराची सलग ओळ गिटारीवर वाजविता येते, हे त्याने लोकांना पटविले. १९४२ साली, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने त्याचा अंत झाला. पण वृंदाच्या पुढे राहून सूर नेणारी ‘लीड गिटार’ ही भूमिका रुजली ती रुजलीच.

ह्या भूमिकेबरोबर बोटांचा प्रश्न नव्याने उभा राहिला. उजव्या हातात आता एकच नखी. ती तारेवर एकदा खाली, एकदा वर अशी चालते आणि तिचा प्रत्येक आघात डाव्या हाताच्या बोटाशी अचूक जुळावा लागतो. मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर ठेवून प्रत्येक ठोक्यात चार स्वर घेतले, तर सेकंदाला आठ स्वर होतात. अशा वेळी जे बोट तारेपासून विनाकारण उंच उचलले जाते, ते वेळेवर परत येत नाही. शिवाय अनामिका ही शेजारच्या बोटांशी स्नायुबंधांनी जखडलेली. तिला एकटीने हलण्याचे स्वातंत्र्य मुळातच कमी. एक-दोन-तीन-चार ही रुक्ष कवायत जन्मली ती ह्या अडचणींवर उपाय म्हणून.

आणि तरीही बोटांच्या संख्येवर सारे अवलंबून नाही, ह्याचा दाखला त्याच काळात फ्रान्समध्ये मिळाला होता. जँगो राइनहार्ट हा जिप्सी वादक १९२८ साली, अठरा वर्षांचा असताना, आपल्या गाडीघरात लागलेल्या आगीत होरपळला. पत्नीने विक्रीसाठी केलेल्या सेल्युलॉइडच्या फुलांनी पेट घेतला होता. डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांसाठी त्याने सारी वादनपद्धती नव्याने बसविली आणि १९३४पासून पॅरिसच्या आपल्या पंचकात ज्या वेगाने तो वाजवू लागला, तो चार बोटांच्या वादकांना आजही सहज साधत नाही.

हे सारे वाचूनही मी शहाणा झालो नाही, हे कबूल केले पाहिजे. नोकरीच्या परीक्षेत टंकलेखनाचा वेग घड्याळ लावून सिद्ध करावा लागला होता. ती सवय बोटांत होती. महिन्याभरात मी मेट्रोनोम ६०वरून १००वर नेला आणि एके सकाळी मनगट इतके दुखू लागले की कचेरीत टिपणावर सही करताना हात थरथरला. तीन आठवडे गिटार भिंतीला टांगून राहिली. ज्या हातावर घर चालते तो आपण हौसेपायी पणाला लावला, ह्या विचाराने त्या दिवसांत झोप लागत नसे.

पुन्हा सुरुवात केली तेव्हा त्या मुलाने काटा ४०वर आणून ठेवला आणि एवढेच सांगितले की, बोट उचलताना आवाज होता कामा नये. त्या लयीत आपली प्रत्येक चूक आपल्याला दिसते : उगाच ताठलेला अंगठा, खांद्यापर्यंत चढलेला ताण, वाट पाहणारी करंगळी. जुलियानीने एक हात बसवून ठेवला, आग्वादोने वाद्याचे ओझे उतरविले. मला माझी घाई उतरवायची होती. हल्ली माझा काटा ७२वर आहे. वरच्या मजल्यावरची टकटक आता मला गळक्या नळासारखी वाटत नाही. दिवे लागले की मी तिची वाट पाहतो.